आठ भेल्या गूळ

डॉक्टरांनी आठ किलो मागितले होते. फक्त आठ. समोरच्या सुलाबाईंचा नातू वर्षाचा व्हायच्या आत नऊ किलोचा झाला होता, आणि त्याला कुणी बदाम-पिस्ते चारत होतं असंही नाही. टोस्ट चघळत उंबऱ्यात बसायचा आणि फुगत जायचा. माझा ऋषिराज पाच वर्षांचा झाला तरी त्याला आठ किलो गाठायचे होते, आणि ते काही केल्या गाठले जात नव्हते.

त्याच्या आजाराला प्रोजेरिया म्हणतात. कोटीत एखाद्याला होतो म्हणे. तो एखादा नेमका सांगलीत, बाजाराच्या मागच्या बोळात, आमच्याच घरात यायचा होता. जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता, डोकंभर जावळ होतं. आठव्या महिन्यापासून अंगाला लागायचं बंद झालं. मग केस गेले, भुवया गेल्या, कातडी ताणली गेली, टाळूवर निळ्या शिरा दिसायला लागल्या, गुडघे पुरते सरळ होईनात. पुण्याला रक्त तपासल्यावर कळलं की लेकराचं शरीर लेकरू असतानाच म्हातारं होत चाललंय. आतल्या रक्तवाहिन्या आजोबांच्या वयाच्या. डोकं मात्र पाच वर्षांचंच, आणि तेही अंमळ आगाऊ.

आमच्या सांगलीच्या डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवून समजावलं होतं. म्हणाल्या, "यात तुझी चूक नाही, त्याच्या वडिलांची नाही, कुणाचीच नाही. पेशीत एक बारीकसा बदल आपला आपण होतो." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. कुणाची चूक असती तर निदान त्याच्या झिंज्या धरता आल्या असत्या. कुणाचीच नाही म्हटल्यावर मी भांडायचं कुणाशी?

औषध होतं. आजार घालवणारं नव्हे, वेळ वाढवून देणारं. परदेशातली एक संस्था ते अशा मुलांना फुकट पाठवते, आणि मॅडमनी सगळं जुळवून आणलं होतं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. ते औषध झेपायला शरीर किमान एवढं तरी लागतं, आणि ऋषीच्या उंचीला ते आठ किलोत बसत होतं. त्याआधी दिलं तर उलट्या-जुलाबानंच पोर हातचं जाईल, असं त्या म्हणाल्या. तेव्हा तो साडेसात होता. अर्धा किलो. अर्ध्या किलोत काय असतं हो, एक वांग्याची भाजी होते.

आणि या पोराचा बाप तोलार आहे. मी त्यांचं नाव घेते ते सासूबाईंना आवडत नाही, पण घेते: कृष्णात. गूळ बाजारात सौदा झाल्यावर माल तोलून द्यायचं काम त्यांचं. विकणाऱ्याला वाटतं नेमकं तोलावं, घेणाऱ्याला वाटतं थोडं झुकतं द्यावं, आणि या दोघांच्या मधे उभं राहून कृष्णातनी आजवर कुणाची शिवी खाल्लेली नाही. बाजारात त्यांच्या हाताला मान आहे. घरी मात्र स्वतःच्या पोरात पावशेर वाढवता येत नव्हता. असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हणाले. ते जेवत होते, जेवत राहिले.

मी काय काय केलं ते सांगायला बसले तर तुम्हाला कंटाळा येईल. तुपातली लापशी, शेंगदाण्याचे लाडू, अंडी, केळं कुस्करून साईत. ऋषीचं तोंड लहान, दात एकावर एक आलेले, एक घास चावायला त्याला इतका वेळ लागायचा की भरवता भरवता माझा हात अवघडून जायचा. तो गप्पा मारत खायचा, तेवढंच त्याला सोपं जायचं.

"मम्मी, हत्तीला कोण भरवतं गं?"

"त्याची मम्मी."

"मग ती दमत न्हाई?"

"दमती की. तोंड उघड."

मी घरी इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. आधी आठवड्याला वजन करायचे, मग रोज, मग जेवायच्या आधी आणि नंतर. आकडा खाली गेला की माझं तोंड बंद व्हायचं आणि भांडी आपटायला लागायची, हे त्या आगाऊ डोक्यानं बरोबर ओळखलं. काटा बघितला की त्याला उलटी व्हायला लागली. खाल्लेलं सगळं बाहेर. एके दिवशी कृष्णातनी तो काटा उचलला आणि बाजारात कुणालातरी देऊन टाकला. मी ताट फेकलं. ते म्हणाले, "आता दवाखान्यात गेल्यावरच बघायचं. घरात काटा न्हाई पायजे. पोराला मी रोज तोलू देणार न्हाई." त्यानंतर तीन महिने कुणी त्याला तोललं नाही. मी त्याला कडेवर घेऊन हातानं अंदाज घ्यायचे. कधी जड वाटायचा, कधी हलका. हातही आपल्याला हवं तेच सांगतो.

तेवढ्यात आत्यांनी देवीचं काढलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बनुबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. माझ्या लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नव्हतं, तेव्हा त्यांनी औंधच्या यमाईला नवस बोलला होता की लेकरू झालं तर वर्षाच्या आत त्याला गुळानं तोलीन. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ देवीच्या दारात वाटायचा. ऋषी झाला. पण तोलायची वेळ आली तेव्हा त्याचं अंग उतरायला लागलं होतं, आणि आत्या म्हणाल्या, थोडं बाळसं धरू दे, असलं किडमिडीत लेकरू तागडीत घातलं तर भावकी काय म्हणेल. बाळसं धरलं की तोलू, असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली. बाळसं काही आलं नाही.

"देवीचं राह्यलंय," आत्या एका दुपारी शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. "म्हनून पोराच्या अंगाला लागंना."

"आवं आत्या, बाळसं धरल्यावर तोलायचं हे तुमीच म्हणालासा की."

"म्हनले व्हते. चुकलं माजं. देवीनं जसं दिलं तसंच तिच्या म्होरं न्ह्याचं व्हतं. माजीच लाज आडवी आली बग." आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही त्या पाहुण्यांच्या चहाचं बघत होत्या.

माझा विश्वास होता का? डॉक्टर मॅडमचं सगळं मला समजलं होतं. पेशी, रक्तवाहिन्या, सगळं. तरी त्या रात्री मी देवीला म्हणाले की बाई, तुझं काय असेल ते घे आणि अर्धा किलो दे. माणूस इतका हरला की त्याला दोन्हीकडं हात पसरायची लाज वाटत नाही.

फेब्रुवारीत, नवा गूळ बाजारात आल्यावर आम्ही निघालो. कृष्णातनी एकेक किलोच्या भेल्या निवडून घेतल्या, पिवळ्याधमक, कुठं टवका उडालेला नाही अशा. आत्यांनी त्यांना बारा घ्यायला लावल्या.

"बारा?" मी म्हणाले.

"आगं, असू दे. कमी पडाय नगं."

बारा किलोचा ऋषी मला डोळ्यांसमोर आणताही येईना.

आमच्या तोलारांनी बाजारातल्या खोलीत धूळ खात पडलेली जुनी तागडी पोत्यात बांधून घेतली. आता सगळीकडं बटणाचे काटे आले. त्यांच्या वडिलांची ही तागडी तेवढी राहिली होती. विट्याला एसटी बदलली. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते आणि ऋषी खिडकीला नाक लावून ओरडून सांगत होता की पुढच्या ट्रॅक्टरला किती ट्रॉल्या आहेत. विट्याहून चढलेली एक पोरगी, कॉलेजची असावी, टोपी आणि शाल बघून पाठमोऱ्या ऋषीला म्हणाली, "बाबा, जरा सरकता का?" ऋषीनं वळून बघितलं. पोरगीचा चेहरा पडला.

"मी बाबा न्हाई," तो आपल्या बारीक आवाजात म्हणाला. "मी ऋषिराज कृष्णात. पाच वर्साचा. बस की."

सगळी एसटी बघायला लागली. बघतातच. मी म्हणाले, "बघून झालं असंल तर पुढं बघा, मान अवघडंल." दोघातिघांनी माना वळवल्या. कृष्णात खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचा हात ऋषीच्या गुडघ्यावर होता.

औंधच्या डोंगरावर कृष्णातनी त्याला खांद्यावर घेऊन चढवलं. देवीच्या दाराबाहेर एका झाडाच्या फांदीला तागडी टांगली. मला भीती होती की तागडी बघून पोर ओकेल. पण त्याला तो काटा वाटलाच नाही. आकडे नाहीत, दिवा नाही, नुसता साखळ्यांना टांगलेला थाळा. तो म्हणाला, "पप्पा, झोका?" आणि स्वतःच आत चढून मांडी घालून बसायला लागला. गुडघे वाकत नव्हते तेवढे त्यानं वाकवले. आत्यांनी त्याच्या टकलावर कुंकू लावलं. गुरव हरिबा, म्हातारा माणूस, त्याच्याकडं टक लावून न बघता म्हणाला, "बस बस राजा, घट्ट धर." त्या एका वाक्यासाठी मी त्याच्या पाया पडले असते.

कृष्णात दुसऱ्या पारड्यात एकेक भेली ठेवायला लागले. मी मोजत होते. आजूबाजूला चारदोन बायका जमल्या, त्यापण मोजत होत्या. सातवी भेली पडली आणि दांडी जवळजवळ सरळ झाली. कृष्णातनी हात थांबवला. ते दांडीच्या मधल्या काट्याकडं बघत उभे राहिले, बाजारात बघतात तसे.

"आनखी एक घाला मालक," हरिबा म्हणाला. "देवीचं माप झुकतं पायजे. आन फुटकी भेली चालायची न्हाई, आख्खी घाला."

कृष्णातनी माझ्याकडं बघितलं आणि आठवी भेली ठेवली. गुळाचं पारडं खाली जाऊन दगडाला टेकलं, ऋषीचं वर गेलं, आणि वर गेल्यावर तो खदखदून हसला. बायकांनी यमाईच्या नावानं चांगभलं केलं. मी फक्त आठ बघितल्या. आठ भेल्या, एकावर एक, पिवळ्याधमक. मी खालीच बसले आणि तोंडात पदर कोंबला. आत्या मला हलवत होत्या, "बग, बग, देवीनं दिलं का न्हाई?" आणि मी मान हलवत होते. जन्मात कधी त्या बाईच्या गळ्यात पडले नव्हते, तिथं पडले.

त्या आठ भेल्या फोडून आम्ही तिथंच वाटल्या. ऋषीनं स्वतःच्या हातानं वाटल्या. घेणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, "हा मी हाय. आठ किलो."

घरी आल्यावर मी सकाळीच दवाखान्यात फोन लावला की आमचं भरलं, लवकरची वेळ द्या. मॅडम म्हणाल्या, शनिवारी या, वजन करू, मग औषधाचं कळवू. चारच दिवस. ते चार दिवस माझे कसे गेले म्हणता? मी गाणी म्हणत होते. सुलाबाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, औंधकडं जमिनी असलेल्या माझ्या माहेरच्यांना फोन करून सांगितलं. ऋषी तर बोळात उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला वजन सांगायचा. सुलाबाईंच्या नातवाला त्यानं शेजारी उभं करून स्वतःच्या छातीवर हात मारला. त्याला आठचा आकडा काढायला यायला लागला होता, दोन गोळे एकावर एक. भिंतीवर, फरशीवर, माझ्या परकरावर खडूनं आठ.

त्याला मी सांगितलं होतं की आता औषध येणार, आणि ते घेतलं की तू लवकर दमणार नाहीस. त्यानं विचारलं, "मग शाळेत?" मी म्हणाले, "मग शाळेत."

कृष्णात तेवढे गप्प होते. ते तसे गप्पच असतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी लापशी ढवळत होते तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"क्रांती, ते देवीचं माप..."

"देवीचं काय?"

"माप जरा..."

"आता काय वंगाळ बोलू नका," मी म्हणाले. "उद्या पोराचं औषध सुरू होणार हाय. गूळ कमी वाटला असं काय असंल तर नंतर वाटू." ते आल्या पावली बाहेर गेले.

शनिवारी ऋषीनं नवा शर्ट घातला. दवाखान्यात दरवेळी मला त्याला काट्यापर्यंत ओढत न्यावं लागायचं, सिस्टर त्याला बिस्कीट दाखवायच्या. त्या दिवशी तो स्वतः चालत गेला, आपले वाकडे पाय टाकत, आणि काट्यावर चढून ताठ उभा राहिला. दोन्ही हात बाजूला, छाती पुढं. मी सिस्टरना म्हणाले, "आठ लिहा."

सिस्टर वाकल्या. आकडा हलून हलून थांबला.

"सात तीनशे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सात किलो तीनशे, ताई. मागच्या वेळी साडेसात होतं."

"मम्मी," ऋषी खाली बघत म्हणाला, "हा आठ न्हाई. हा सात हाय."

मी म्हणाले की काटा बिघडलाय. सिस्टरनी त्याला दुसऱ्या काट्यावर उभं केलं. तिथंही तेच. मी म्हणाले दोन्ही बिघडलेत, सरकारी असोत नाहीतर खाजगी, कुठलीच यंत्रं नीट ठेवत नाहीत, आम्ही देवीच्या दारात चार माणसांसमोर तोललंय, आठ भेल्या, मी स्वतः मोजल्यात. बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून दारात आली. मॅडम केबिनमधून आल्या. मी कृष्णातकडं वळले.

"तुमी सांगा यांना. तुमी तोलार हाय. सांगा काटा खोटा हाय."

कृष्णात खाली बसले. त्यांनी काटा हलवून बघितला, त्यावर तळवा दाबून उचलला, आकडा शून्यावर येतो का ते बघितलं. मग उभे राहिले.

"काटा बरोबर हाय," ते म्हणाले.

"मग आठ भेल्या?"

"देवीला झुकतं द्यायचं असतं गं. सातव्या भेलीलाच दांडी सरळ व्हत आलती. आठवी देवीची व्हती. पोराची न्हाई."

तोलाराची बायको मी. गुळाचं पारडं दगडाला टेकलेलं मी बघितलं होतं, पोर वर हवेत हसताना बघितलं होतं, आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता. नव्हता कळून घ्यायचा.

"आणि तुमी चार दिवस गप बसला?"

"काल आलतो सांगाय." त्यांचा आवाज फाटला. "तू हसत हुतीस गं. लय दिसांनी."

मग मी काय बोलले ते सगळं मला आठवत नाही, जे आठवतं तेही लिहिण्यासारखं नाही. एवढं नक्की की मी मॅडमचा हात धरला. म्हणाले, आठ लिहा. एकदा लिहा. सातशे ग्रॅमचा फरक आहे, तुमच्या परदेशातल्या माणसांना काय कळणार आहे, मी कुठं सांगणार आहे? मी कृष्णातना म्हणाले, आयुष्यभर लोकांच्या मालाला झुकतं दिलंत, पोराला एकदा द्या की, सांगा यांना लिहायला. मॅडमनी माझा हात सोडवून घेतला नाही. म्हणाल्या, "क्रांती, आठ लिहिलं म्हणून तो आठचा होणार नाही. औषध त्याच्या शरीराला द्यायचंय, कागदाला नाही. आत्ता दिलं तर मी त्याला मारीन."

"मग कवा देणार?"

"तीन महिन्यांनी परत बघू. खाणं चालू ठेव." त्या थांबल्या, आणि जे सांगायचं नव्हतं ते त्यांच्या तोंडून निघालंच. "त्याच्या हृदयाचा मागच्या वेळचा फोटो त्याआधीच्यापेक्षा चांगला नव्हता. पण बघू."

पण बघू. माझ्या पोरानं तीन महिन्यांत दोनशे ग्रॅम गमावले होते, आणि आता सातशे कमवायचे होते. त्याच्याकडं असे तीन महिने किती उरले होते ते मॅडम बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. मला ओरडायचं होतं, पण ओरडायला आवाज उरला नव्हता. देवीवर ओरडून झालं होतं, नवऱ्यावर झालं होतं, काट्यावर झालं होतं.

ऋषी अजून काट्यावरच उभा होता. त्याला कुणी उतरवलं नव्हतं. तो रडत नव्हता, ओकला नव्हता. नुसता खालच्या आकड्याकडं बघत होता आणि श्वास रोखून पोट पुढं काढत होता, की तेवढ्यानं तरी काही वाढेल. चेहरा लाल झाला, टाळूवरच्या शिरा टम्म फुगल्या. आकडा तोच.

"सोड रे श्वास," मी म्हणाले.

त्यानं सोडला. मग त्यानं माझ्याकडं दोन्ही हात वर केले.

"मम्मी, तू पण ये ना वर."

मी चपला काढल्या, काट्यावर चढले आणि त्याला उचलून कडेवर घेतलं. त्याचं हाड न हाड माझ्या बरगड्यांना लागत होतं. त्यानं माझ्या खांद्यावरून वाकून खाली बघितलं. आकडा हलला, वर गेला, आणखी वर गेला, आणि कुठंतरी साठच्या पुढं जाऊन थांबला. त्याला एवढे मोठे आकडे वाचायला येत नव्हते. पण खूप आहे एवढं कळलं.

"भरलं?" त्यानं माझ्या कानात विचारलं.

"भरलं," मी म्हणाले.

"आता औषध देणार?"

सिस्टर हळूच म्हणाल्या, "ताई, उतरा आता, मागं पेशंट आहेत." कृष्णात पुढं आले आणि त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला नाही. मी ऋषीला घट्ट धरून तशीच काट्यावर उभी राहिले, कारण खाली उतरलं की तो परत सात किलोचा होणार होता.